कलावंताचा हेतू

चित्र काढीत बसलेल्या मुलास आपल्या घरांतून विचारला जाणारा एक प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘हे तुला कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न रागानेच विचारला जातो असे नाही. पुष्कळदा तो मायेनेही विचारला जातो. गणपतीचे मखर, लग्नातील रुखवत, सणाच्या दिवशी दारापुढे घातलेली रांगोळी यांच्या बाबतीत तो कोणी विचारीत नाही, कारण ती कामे कोणीतरी सांगितलेली असतात, निदान त्यांना निमित्त तरी असते. परंतु निमित्त नसता, मागणी नसता, केवळ आतल्या ओढीने एखादा तरुण मातीचा गोळा घेऊन बसला, की घरातील वडीलधाऱ्यांस काळजी वाटू लागते. अशा मनुष्यास हल्ली स्वतंत्र कलावंत म्हणतात. त्याने निर्मिती का करावी, आणि ती करीत असता त्याच्या अंतरी काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप पोटाचा असतो. तो खरा आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. दुसरा आक्षेप धर्माचा असून तो अधिक खोल जातो. न मागता केलेली कलाकृती म्हणजे अहंकाराचे प्रदर्शन, असे त्याचे स्वरूप आहे. आपले जुने शिल्पी पाहा, असे सांगितले जाते. त्यांनी देवासाठी घडविले, आपले नावही मागे ठेवले नाही, आणि ते निघून गेले.

पुरोहिताच्या घरात वाढल्यामुळे या म्हणण्यातील सत्यांश आम्हांस ठाऊक आहे. मूर्तीचे नेत्रोन्मीलन होऊन प्राणप्रतिष्ठा पार पडली, की जिच्यावर काल सायंकाळपर्यंत छिन्नी चालत होती, तिच्यासमोर शिल्पी इतर भक्तांप्रमाणेच हात जोडून उभा राहतो. आपल्याच हातच्या कामास पुन्हा स्पर्श करण्याचा अधिकार त्यास उरत नाही. हे दृश्य ज्याने पाहिले, त्यास निरहंकाराची वेगळी व्याख्या सांगावी लागत नाही.

तथापि या दृश्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे. जुने शिल्पी सगळेच निनावी होते, ही गोष्टच मुळी खरी नाही. इ. स. १११७ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील मूर्तींखाली दासोज, चावण अशी शिल्पकारांची नावे कोरलेली आहेत. सोमनाथपूरच्या मंदिरात मल्लितम्म याचे नाव ठिकठिकाणी आढळते. देवाच्याच घरात, देवाच्याच भिंतीवर हे नाव कोरले गेले, आणि त्यामुळे त्या मूर्तींचे पावित्र्य उणावले असे कोणत्याही भक्तास वाटले नाही. इतके दूर तरी कशास जावे? आपल्या मंदिरात गायिल्या जाणाऱ्या प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असतेच. तुकोबांनी, नामदेवांनी, जनाबाईंनी आपले नाव गाळले नाही. ती मुद्रा मिरविण्यासाठी नव्हती. जे बोललो त्याची जबाबदारी माझी आहे, एवढेच ती सांगते. उलटपक्षी, नाव न लिहिणारा निरहंकारी असतोच असेही नाही. त्या काळी नाव लिहिण्याची रीत नसेल, किंवा ते लिहू देण्याइतका मान त्यास कोणी दिला नसेल. निनावीपणास सरसकट सद्गुण ठरविणे, हे गरिबास अपरिग्रही म्हणण्यासारखे आहे.

आपल्या शास्त्रकारांनी तर या बाबतीत फारच मोकळेपणा दाखविला आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने सांगताना कीर्तीस पहिले व धनास दुसरे स्थान दिले. व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तात्काळ मिळणारा परम आनंद, आणि प्रियेने समजवावे तसा उपदेश, ही प्रयोजने त्याच्या यादीत मागाहून येतात. काश्मीरच्या या आचार्यास माणसाचे मन ठाऊक होते. लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा कीर्तीची इच्छा घेऊनच बसतो, हे त्याने लपविले नाही.

मग प्रश्न असा उरतो, की मलिन हेतूने आरंभिलेल्या कामातून निर्मळ वस्तू कशी निर्माण होते? ती होते, हे तर आपण पाहतोच. याचे उत्तर आम्हांस ग्रंथांपेक्षा आपल्याच मुलखातील एका कारागिरीत अधिक स्पष्ट दिसते.

केसलागुडा आणि उशेगाव ही गावे पूर्वी आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात होती. २०१६ च्या फेररचनेत ती शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. तेथील ओझा समाजाचे ओतारी पितळेच्या ज्या वस्तू ओततात, त्यांस डोकरा काम म्हणतात. जिल्हा बदलला तरी कामाचे नाव आदिलाबादचेच राहिले, आणि २०१८ मध्ये ‘आदिलाबाद डोकरा’ या नावानेच त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. नाचणाऱ्या आकृती, घंटा, दिवे, दागिने, देवदेवतांच्या मूर्ती अशा अनेक वस्तू हे लोक घडवितात. त्यांची रीत फार प्राचीन आहे. मोहेंजोदडो येथे सापडलेली, साडेचार हजार वर्षांच्या सुमारास ओतलेली ती नर्तकीची लहानशी मूर्ती याच रीतीची. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात हीच रीत वर्णिली असून, मेण आधी तोलून घ्यावे व त्यावरून धातूचे प्रमाण ठरवावे, असे त्यात सांगितले आहे.

ही रीत वाचकांनी थोडी सावकाश समजून घ्यावी. प्रथम मातीचा एक ओबडधोबड गाभा करतात. तो वाळला, की त्यावर मेणाचे काम सुरू होते. मेणात राळ मिसळून ते मऊ करतात, त्याचे दोऱ्यासारखे बारीक धागे ओढतात, आणि ते धागे गाभ्याभोवती एकास एक लागून गुंडाळीत जातात. नाक, डोळे, केसांची वेणी, गळ्यातील सर, पायांतील वाळे, सारे काही या धाग्यांनीच उठविलेले असते. कारागिराची सर्व आवड, सर्व हौस, सर्व चतुराई या मेणात उतरते. बोटाच्या दाबाची खूणही त्यावर राहते. मेणाचे काम पुरे झाले म्हणजे वरून बारीक मातीचा लेप देतात, मग जाड मातीचा, आणि एक वाट मोकळी ठेवतात. नंतर तो मातीचा गोळा भट्टीत तापवितात. आतले मेण वितळते आणि नाहीसे होते. ज्यावर एवढे दिवस घालविले, ते आता कोठेच नसते. असते ती केवळ त्याच्या आकाराची पोकळी. त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात, ते निवू देतात, आणि मग मातीचे कवच फोडतात. साचा फुटल्यामुळे तीच वस्तू दुसऱ्यांदा निघत नाही. कवच फोडीपर्यंत आत काय झाले आहे हे कारागिरासही दिसत नाही. मेण नीट निघाले नसेल, वाट कोठे तुंबली असेल, तर तेवढ्या जागी धातू पोहोचत नाही. मूर्ती बोटाविना वा कानाविना बाहेर येते.

कलावंताचा हेतू हा असा मेणासारखा असतो, असे आम्हांस वाटते. कीर्तीची इच्छा, कोणास तरी दाखवून देण्याची खुमखुमी, प्रेम, दुःख, चार पैशांची गरज, कधी केवळ एखादा रंग आवडला एवढेच कारण. या मऊ, मलिन, मनुष्यसुलभ पदार्थातूनच आरंभीचा आकार उठतो. त्यावाचून पोकळीच निर्माण होणार नाही. ‘आधी हेतू शुद्ध कर आणि मग कुंचला हाती घे’ असा उपदेश जे करतात, ते मेणावाचून मूर्ती ओतावयास सांगतात. अशा मनुष्याचा साचा आतून भरीव मातीचाच राहतो. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काम तापत असता तो हेतू वितळून बाहेर पडला नाही, तर जेवढा तो आत अडकून राहील तेवढा भाग अपुरा निघेल. चित्र पाहता पाहता ‘येथे यास टाळ्या हव्या होत्या’ असे ज्या जागी आपल्याला जाणवते, ती जागा न वितळलेल्या मेणाची.

ही जी तापण्याची क्रिया, तीच कलेची खरी साधना होय. ती कोणत्याही उपदेशाने होत नाही, कामानेच होते. पदार्थ आपला हट्ट चालू देत नाही. लाकडाचा पोत उलटा गेला म्हणजे पटाशीस शरण जावे लागते. रंग वाळण्यास जितका वेळ हवा तितका तो घेतोच. सूर लागत नसेल तर कीर्तीच्या इच्छेने तो लागत नाही. दोन प्रहर, चार प्रहर असे पदार्थाशी झगडत असता मनुष्य ‘लोक काय म्हणतील’ हे विसरतो, कारण ते आठवीत राहिल्यास हातातील काम बिघडते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राजा आधी मालविकेचे चित्र पाहतो आणि मग तिला प्रत्यक्ष पाहतो, चित्र तिच्या तोडीचे उतरले नाही, याचे कारण तो चित्रकाराची समाधी शिथिल होती असे देतो. हात चुकला असे तो म्हणत नाही. आणि ‘ऐतरेय ब्राह्मणा’त तर शिल्पांना आत्म्याचा संस्कारच म्हटले आहे. शिल्पामुळे आधी शिल्पी घडतो, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. संस्कार कोणावर करावयाचा असतो? जो अद्याप संस्कारित नाही त्याच्यावरच ना?

वेरूळच्या कैलास लेण्याविषयी एका ताम्रपटात आलेला उल्लेख येथे सांगण्यासारखा आहे. नवव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या, बडोदे येथे मिळालेल्या, या ताम्रपटात असे म्हटले आहे, की ते मंदिर पुरे झाल्यावर ते घडविणारा स्थपती स्वतःच आश्चर्याने थक्क झाला, हे आपल्या हातून कसे झाले असे म्हणू लागला, आणि पुन्हा असे आपणास जमणार नाही असे त्यास वाटले. राजाच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या लेखात अतिशयोक्ती असणारच. परंतु लेखकाने हीच अतिशयोक्ती का निवडली? कवच फोडताना कारागिरास जे वाटते, ते त्यास कोठेतरी ठाऊक असले पाहिजे.

आता खरी अडचण पुढे येते, आणि ती टाळून चालणार नाही. मागणीवरून काम करणाऱ्यास माप असते. संत नरहरी सोनारांची कथा सर्वश्रुत आहे. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडविण्यास सांगितले. नरहरी कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे मुखही पाहणार नाही असा त्यांचा निश्चय. सावकाराने आणून दिलेल्या मापावर त्यांनी करगोटा घडविला, तर तो एकदा सैल झाला, एकदा घट्ट. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यावयास गेले. हातांस शिवाची चिन्हे लागली, म्हणून पट्टी काढली, तो समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, तर पुन्हा शिव. ही कथा हरिहरांच्या ऐक्याची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. परंतु आम्हांस तिच्यात एक कारागिराची गोष्टही दिसते. दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम बसले नाही. स्वतः हात लावल्यावर बसले. आणि तरीही माप होते. देवाची कंबर होती. स्वतंत्र कलावंतापुढे कोणाची कंबर आहे? त्याचे काम सैल झाले की घट्ट झाले, हे त्यास कोण सांगणार? कोणी सांगणारच नसेल, तर प्रत्येक काम त्यास ठीकच वाटणार, आणि वडीलधाऱ्यांचा अहंकाराचा आक्षेप खरा ठरणार.

ही अडचण काही केवळ शहरातील शिकलेल्या चित्रकारांची नाही. ओझा ओताऱ्यांचे काम पूर्वी गोंड गावांच्या मागणीवर चाले. देवकार्यास लागणारी वस्तू कशी असावी, हे मागणाऱ्यास ठाऊक असे, आणि चुकल्यास तो परत करी. आज त्यांच्या पुष्कळ वस्तू प्रदर्शनांतून व दुकानांतून जातात. घेणारा हैदराबादेचा की परदेशाचा, ती वस्तू तो देवघरात ठेवणार की दूरचित्रवाणी संचावर, हे करणाऱ्यास माहीत नसते. म्हणजे पिढीजात कारागीरही आता एका अर्थी स्वतंत्र कलावंताच्या जागी येऊन उभा राहिला आहे, आणि ते स्वातंत्र्य त्याने मागितलेले नाही. निर्मळच्या खेळण्यांची कथाही याहून फार वेगळी नाही. तेथील नक्काशांची सहकारी संस्था १९५५ पासून आहे, पोनिकीच्या हलक्या लाकडाची फळे व पक्षी तेथे घडतात, पण त्या लाकडाची टंचाई हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आदिलाबाद शहरात रवींद्र शर्मा यांनी ‘कला आश्रम’ चालविला. लोक त्यांना गुरुजी म्हणत. १९५२ मध्ये जन्मलेले आणि २०१८ मध्ये निवर्तलेले हे गृहस्थ हैदराबाद व बडोदे येथे शिल्पकला शिकून पुन्हा याच गावी परतले. मोठ्या शहरांतील प्रदर्शनांचा मार्ग त्यांच्यापुढे होता. त्याऐवजी ते येथील कुंभार, सुतार, ओतारी, विणकर यांच्यात, आणि जातिपुराणे सांगत फिरणाऱ्या भिक्षावृत्तीच्या कलावंतांत बसले, त्यांच्या रीती व कथा त्यांनी गोळा केल्या, आणि त्या आयुष्यभर इतरांस सांगितल्या. याला काही लोक त्याग म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. शिकलेल्या कलावंतास आपल्या कामाचे माप हवे होते, आणि ज्यांच्यापाशी ते अद्याप शिल्लक होते त्यांच्याकडे ते गेले, असे आम्हांस वाटते. स्वतंत्र कलावंताने एकटेच असले पाहिजे असे थोडेच आहे? त्यास काम सांगणारा कोणी नसेल. परंतु काम पाहून ‘येथे धातू पोहोचला नाही’ असे सांगणारे डोळे त्याने शोधले पाहिजेत, आणि कवच त्यांच्यासमोर फोडले पाहिजे. ते डोळे स्तुती करणाऱ्या मित्रांचे असून भागत नाही.

आता न मागितलेल्या कामाचा दर्जा पाहू. ज्ञानेश्वरी निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून झाली, हे ज्ञानेश्वर महाराजांनीच सांगितले आहे. ते सांगितलेले काम होय. परंतु जनाबाईंस अभंग रचावयास कोणी सांगितले होते? दळण सांगितले होते, कांडण सांगितले होते, गोवऱ्या वेचावयास सांगितले होते. चोखोबांस तर मंदिराच्या आत येण्याचीही मनाई होती. त्यांच्याकडे अभंगांची मागणी कोण करणार? मराठी भाषेतील जे धन आपण एकादशीस टाळ वाजवून गातो, त्याचा मोठा भाग कोणीही न मागता, सांगितलेली कामे उरकता उरकता, निर्माण झाला आहे. ‘हे तुला कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न जनाबाईंना त्या घरात कोणी विचारला असेल किंवा नसेल. विचारला असता, आणि त्यांनी तो मनावर घेतला असता, तर आपल्या भजनाच्या वहीतील किती पाने कोरी राहिली असती, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा.

जनाबाईंनी दळण सोडले नाही, असे येथे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि पोटाच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच शोधावे लागते. कला केली म्हणजे घराने आपल्यास पोसलेच पाहिजे, असे मानणारा तरुण आम्हांस पटत नाही. परंतु जे काम पोट भरते तेच खरे आणि उरलेले खूळ, असे मानणारे घरही पटत नाही. जात्याची खुंटी एका हातात असता ओठांवर अभंग असू शकतो. फक्त त्या वेळी दुसऱ्या कोणी येऊन जात्यापेक्षा मोठ्याने ओरडू नये, एवढी सवलत त्या माणसास मिळाली पाहिजे. घरातील एका कोपऱ्यात रंगांच्या वाट्या तशाच राहू देणे, अर्धवट मूर्ती पाहुणे येणार म्हणून उचलून न टाकणे, ‘झाले का?’ असे दर घटकेस न विचारणे, यास पैसा लागत नाही. पुरीच्या जगन्नाथाची कथा आपण जाणतोच. बंद दाराआड मूर्ती घडविणाऱ्या वृद्ध सुताराने दार उघडू नये अशी अट घातली होती. आतला आवाज थांबला म्हणून राजघराण्यास धीर निघाला नाही, आणि दार उघडले. मूर्ती हातापायांवाचून राहिल्या. देवाने त्या तशाच स्वीकारल्या, हा देवाचा मोठेपणा.

एक लहानशी सूचना करून आम्ही लेखणी ठेवतो. मंदिरासाठी घंटा किंवा समई घ्यावयाची झाली, आणि सभासदांपैकी कोणी त्यासाठी ओताऱ्याच्या घरी गेले, तर भाव किलोवर विचारण्याची आपली सवय थोडी बाजूस ठेवावी. आपल्याला हवी ती वस्तू, आपल्या मापाची, नीट पारखून घ्यावी. कान फुटका असेल तर परतही करावी. मग निघण्यापूर्वी त्यास विचारावे, की ‘दादा, कोणी न सांगता तुम्ही आपल्या मनाने केलेले काही घरात आहे का?’ बहुतेक ठिकाणी ते असते, कोनाड्यात किंवा फळीवर मागच्या बाजूस ठेवलेले. ते हातात घ्यावे, उजेडात न्यावे, आणि सावकाश पाहावे. विकत घेतलेच पाहिजे असे नाही.